पेटीच्या बारा पट्ट्यांबाहेरचा सूर, एका ओळीच्या आदेशावर

घरात कोणी गाणं शिकत असेल तर मोबाइलवरचं तानपुरा अॅप ओळखीचं असतं. पट्टी निवडा, बटण दाबा, आवाज सुरू. लहान मुलांसाठी सोबत एक छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड येतो आणि सारेगमची उजळणी त्यावर होते. यात गैर काही नाही. पण नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जात कान दिला की न छेडलेला एक गंधार आपोआप ऐकू येतो. तो गंधार आणि कीबोर्डवरचा गंधार एकमेकांपासून जरासे बाजूला असतात. रोज तासभर कीबोर्डच्या मागे मागे गाणाऱ्या मुलीच्या कानात मग कीबोर्डचाच गंधार पक्का होतो.

या सदरात आपण घरातल्या जुन्या लॅपटॉपकडून नवी कामं करून घेत असतो. आजचं काम थोडं वेगळं आहे. कॉम्प्युटरला लिहून सांगायचं की अमुक इतक्या कंपनांचा सूर लाव, आणि त्याने तो लावायचा. माउस नाही, चकचकीत बटणं नाहीत, फक्त एक काळी खिडकी आणि तिच्यात टाइप केलेली एक ओळ. ऐकायला रुक्ष वाटतं खरं, पण गाणाऱ्या माणसाच्या उपयोगाची गोष्ट यातच आहे.

सांगणारा एक, वाजवणारा दुसरा

सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणजे वाद्याचं काम करणारा प्रोग्रॅम. त्यात तार नसते, भोपळा नसतो, हवाही नसते. तो आवाजाच्या लाटेचं गणित करतो, सेकंदाला बहुधा ४४,१०० किंवा ४८,००० आकडे काढतो आणि स्पीकरकडे पाठवतो. पडद्यावर दिसणारी गोल बटणं आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ही त्याची सजावट. बऱ्याच चांगल्या सिंथेसायझरमध्ये ही सजावट आणि आवाज काढणारं यंत्र वेगवेगळं असतं. यंत्र मागे मुकाट बसलेलं असतं आणि एका क्रमांकाच्या दारावर कान लावून असतं. या दाराला पोर्ट म्हणतात. त्या दारातून नेटवर्कचा संदेश आला की ते वाजतं. संदेश त्याच कॉम्प्युटरवरून आला की शेजारच्या खोलीतल्या मोबाइलवरून, याने त्याला फरक पडत नाही.

ही कल्पना आपल्याला अनोळखी नाही. तबल्याचे गुरुजी तोंडाने ‘धा तिरकिट धा’ म्हणतात आणि शिष्याचा हात ते वाजवतो. बोल म्हणजे शब्दांत सांगितलेला आवाज. फ्रान्सचे बर्नार्ड बेल यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लखनौच्या तबल्याचा अभ्यास करणाऱ्या जेम्स किपन यांच्यासोबत ‘बोल प्रोसेसर’ नावाचा प्रोग्रॅम उभा केला. कायद्याचे बोल कसे पलटतात याचे नियम त्यात लिहून ठेवता येत. आज जगभर मंचावर लॅपटॉप उघडून, प्रेक्षकांसमोर ओळी टाइप करत संगीत वाजवणारे कलाकार आहेत. त्यांच्यातला अनेकांचा आवडता प्रोग्रॅम म्हणजे अॅलेक्स मॅकलीन यांचा टायडलसायकल्स. त्याची लिहिण्याची पद्धत बोल प्रोसेसरवरून सुचलेली आहे. म्हणजे ही काळी खिडकी फिरून फिरून लखनौच्या तबल्यापाशी येते!

सुरुवात करायला सगळ्यात सोपा प्रोग्रॅम म्हणजे फ्लूइडसिंथ. तो फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. वाद्यांचे नमुने साठवलेली एक साउंडफाँट फाइल त्याला द्यायची आणि सर्व्हर म्हणून सुरू करायचा. मग तो ९८०० क्रमांकाच्या दारावर बसतो. दुसरी काळी खिडकी उघडून, नेटकॅट नावाच्या छोट्या साधनाने त्या दाराशी जोडून घ्यायचं आणि लिहायचं : ‘नोटऑन ० ६० १००’. (टाइप इंग्रजी अक्षरांतच करायचं. इथे मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे.) शून्य म्हणजे पहिला चॅनेल, ६० म्हणजे मधल्या सप्तकाची सफेद एक, १०० म्हणजे दाबाचा जोर. पियानोचा सूर वाजतो. ‘नोटऑफ ० ६०’ लिहिलं की थांबतो. ‘प्रोग ० १०४’ लिहून पुन्हा नोटऑन दिलं की तोच सूर सतारीवर येतो.

१०४ हा आकडा १९९१ मध्ये ठरलेल्या १२८ वाद्यांच्या प्रमाण यादीतला आहे. शून्यापासून मोजलं तर सतार १०४ वर आणि सनई १११ वर. तबला या यादीत नाहीच. सनई घेतली आणि तबला कसा राहिला, हे कोडं मला सुटलेलं नाही.

एवढ्यावर मुलं खूश होतात. पाचवी-सहावीतल्या मुलाला टाइप केलेल्या ओळीतून सनई वाजते हे पाहून जो आनंद होतो तो कुठल्याही अॅपपेक्षा जास्त असतो. गाणाऱ्याची अडचण मात्र इथूनच सुरू होते, कारण ६० आणि ६१ च्या मध्ये काही नाही.

१९८३ चा करार आणि दोन कंपनांचा फरक

हे ६० कुठून आलं? मिडीमधून. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांशी बोलू शकतील अशी एक भाषा ठरली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एकाच वायरने जोडून दाखवली गेली. एकाची पट्टी दाबली की दुसरं वाजत होतं. त्या काळी ही मोठी गोष्ट होती आणि दोघांना त्यासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

पण ही भाषा पियानोसमोर बसून लिहिलेली आहे. तिच्यात स्वर म्हणजे पट्टीचा क्रमांक, ० ते १२७. पट्ट्यांमधलं अंतर ठरलेलं : सप्तकाचे बारा सारखे तुकडे. मींड हवी असेल तर पिच बेंड नावाची सोय आहे, मात्र ती अख्ख्या चॅनेलला एकदम वाकवते. एकाच चॅनेलवर तानपुऱ्याचा सा आणि त्यावर गंधाराची मींड असं केलंत तर सासुद्धा घसरतो.

आता गंधाराचा हिशेब करू. समजा सा २०१ कंपनांवर, म्हणजे २०१ हर्ट्झवर आहे. तानपुऱ्यातून येणारा गंधार साच्या सव्वापट. २०१ गुणिले ५ भागिले ४, म्हणजे २५१.२५. पियानोच्या पद्धतीने काढलेला गंधार येतो साधारण २५३.२४. फरक दोन कंपनांचा. कागदावर क्षुल्लक दिसतो. पण दोन्ही एकदम वाजवले तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो, नाडीसारखा. घरी करून पाहा, संगीत न शिकलेल्या माणसालाही ते ऐकू येतं. पंचमाचा फरक मात्र याच्या पाचव्या भागाइतकाही नाही, म्हणून सा-प ऐकून कोणी तक्रार करत नाही.

पेटीवर याच कारणाने केवढा राग होता हे जुन्या लोकांना आठवत असेल. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्याच्याही आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यांच्यासोबत काम करणारे आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुतींची खास पेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून चांगलाच वाद झाला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली आहे. या सगळ्या प्रयत्नांत एक गोष्ट सारखी : सूर बदलायचा तर धातूची पट्टी घासावी लागते, नाहीतर जास्तीची बसवावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलला की झालं. प्रश्न एवढाच की आकडा सांगण्याची सोय भाषेत आहे का.

पत्त्यासारखा संदेश

ती सोय १९९७ मध्ये आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संगीत-तंत्रज्ञान केंद्रात मॅट राइट आणि एड्रियन फ्रीड यांनी ओपन साउंड कंट्रोल, म्हणजे ओएससी, मांडलं. मिडीसाठी खास वायर आणि ठरलेली गती होती, सेकंदाला ३१,२५० बिट. ओएससीने घराघरात येऊ घातलेलं साधं कॉम्प्युटर नेटवर्कच वापरलं. आणि क्रमांकांच्या जागी नावं आणली. संदेशाचा पहिला भाग पत्त्यासारखा असतो, तिरक्या रेघांनी तोडलेला, म्हणजे ‘/तानपुरा/तार१/कंपनं’ असा काहीसा. नाव काय ठेवायचं ते सिंथेसायझर बनवणाऱ्याने ठरवायचं. त्यानंतर सोबत येणाऱ्या मजकुराचा प्रकार : पूर्णांक असेल तर आय, दशांश असेल तर एफ, शब्द असेल तर एस. मग प्रत्यक्ष आकडे. सूर २५१.२५ हवा तर २५१.२५ च लिहायचं. जवळची पट्टी शोधायला नको.

आता प्रत्यक्ष वाद्य. जेम्स मॅकार्टनी यांचा सुपरकोलायडर हा प्रोग्रॅम १९९६ पासून आहे आणि २००२ पासून मुक्त परवान्यावर फुकट मिळतो. त्याची तिसरी आवृत्ती पूर्णपणे वर सांगितलेल्या पद्धतीने बांधलेली आहे. आवाज काढणारं यंत्र वेगळं, त्याला सांगणारी भाषा वेगळी, आणि दोघांमध्ये फक्त ओएससी संदेश. यंत्राचं नेहमीचं दार ५७११०. म्हणजे सुपरकोलायडरची स्वतःची भाषा न शिकताही कोणीही त्या दारावर चिठ्ठी टाकू शकतं.

सुपरकोलायडर उघडून कंट्रोल आणि बी ही बटणं एकत्र दाबली की सर्व्हर सुरू होतो. मग टर्मिनलमध्ये ओएससीसेंड हे साधन वापरायचं. लिनक्सवर ते लिबलो-टूल्स या पॅकेजमध्ये मिळतं. ओळ अशी : ‘ओएससीसेंड लोकलहोस्ट ५७११० /एस_न्यू एसआयआयआयएसएफएसएफ डीफॉल्ट २००१ ० १ फ्रीक २०१ अॅम्प ०.१’. मंत्रासारखं दिसतं, पण अर्थ सरळ आहे. लोकलहोस्ट म्हणजे हाच कॉम्प्युटर. एस_न्यू म्हणजे नवा आवाज सुरू कर. मधला अक्षरांचा पुंजका पुढे काय काय येणार आहे त्याची यादी : शब्द, तीन पूर्णांक, मग शब्द आणि दशांशाच्या दोन जोड्या. डीफॉल्ट हे आवाजाचं नाव. २००१ हा या सुराला आपण दिलेला क्रमांक, म्हणजे पुढे त्यालाच हाक मारता येईल. त्यानंतरचे ० आणि १ हे तो कुठल्या रांगेत बसवायचा त्याचे आकडे, ते तसेच ठेवा. फ्रीक २०१ म्हणजे कंपनं आणि अॅम्प ०.१ म्हणजे आवाजाची पातळी. सा लागतो आणि लागून राहतो.

आता त्याच सुराला गंधारावर न्यायचं : पत्ता ‘/एन_सेट’, प्रकार आयएसएफ, मग २००१ फ्रीक २५१.२५. थांबवायचं : तोच पत्ता, २००१ गेट ०. इतकंच. पहिल्या संध्याकाळी हे तीन संदेश जमले तरी पुष्कळ झालं.

विंडोजवर ओएससीसेंड मिळवणं जरा कटकटीचं आहे. तिथे पायथनची पायथन-ओएससी लायब्ररी बरी पडते. घरात कॉलेजला जाणारं कोणी असेल तर त्याला पायथन येतच असतं.

मावशीचा सा

माझी मावशी इंदूरला गेली पस्तीस वर्षं गाण्याचे वर्ग घेते. घरी मिरजेचा तानपुरा आहे. संधिवातामुळे आता तिला खुंट्या फिरवता येत नाहीत, मणी सरकवणं तर त्याहून कठीण. शिवाय वयानुसार तिचा आवाज उतरला आहे. पूर्वी काळी चारमध्ये गायची, तिचा सा २०७.६५ वर होता. आता तो सफेद पाच आणि काळी चारच्या मध्ये कुठेतरी आहे. चांगल्या तानपुरा अॅपमध्ये अशा मधल्या सुरासाठी बारीक ट्यूनिंग असतं, हे खरं. पण तिला क्लासमध्ये एकामागून एक वेगवेगळे तानपुरे लागतात : यमनला पंचमाचा, मालकंसला मध्यमाचा. आणि दर वेळी चष्मा शोधून, मोबाइल हातात घेऊन बारीक अक्षरांत शिरणं तिला नको असतं.

तिला एक आकार म्हणायला लावला आणि मोबाइलवरच्या ट्यूनरने मोजला. आकडा २०१ च्या आसपास स्थिरावला, म्हणून वर सगळीकडे २०१ घेतला आहे. त्यावरून चार तारा अशा निघतात. जोडाच्या दोन तारा २०१. खर्ज त्याच्या निम्मा, १००.५. मंद्र पंचम साच्या पाऊणपट, १५०.७५. मालकंसासाठी पंचमाऐवजी मंद्र मध्यम, साच्या दोन तृतीयांश, म्हणजे बरोबर १३४. प-सा-सा-खर्ज या क्रमाने चार संदेश, प्रत्येकानंतर सेकंदभर थांबण्याची एक ओळ, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा. दहा-बारा ओळींची फाइल होते. अशा दोन फाइली, एकीचं नाव यमन, दुसरीचं मालकंस. जुन्या लॅपटॉपवर ती नाव टाइप करते आणि एंटर दाबते. पहिल्या दिवशी म्हणाली, “अगं, हे तर पोस्टकार्ड टाकल्यासारखं आहे.” एक तक्रार मात्र तिने तेव्हाच केली : आवाज स्वच्छ आहे, पण तानपुरा नाही. त्याकडे शेवटी येते.

तार छेडल्यासारखा आवाज हवा तर डीफॉल्ट चालत नाही. त्यासाठी सुपरकोलायडरच्या भाषेत एक छोटं वाद्य लिहून ठेवावं लागतं. त्यात प्लक नावाचा तयार भाग आहे. स्टॅनफर्डच्या केविन कार्प्लस आणि अॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युक्तीवर तो चालतो. आवाजाचा एक क्षणिक फटका छोट्याशा जागेत गोल गोल फिरवायचा आणि प्रत्येक फेरीला थोडा मऊ करत न्यायचा. इतक्या साध्या गणितातून छेडलेली तार ऐकू येते, हे अजूनही नवल वाटतं.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. सव्वापट, दीडपट ही गुणोत्तरं तानपुऱ्याच्या स्वयंभू सुरांशी जुळतात म्हणून सुरुवातीला घ्यायची. पण नझीर जैराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्येच ध्वनिमुद्रणं मोजून दाखवलं होतं की मोठे कलाकारही तोच स्वर दर वेळी नेमक्या त्याच आकड्यावर लावत नाहीत. कोमल रिषभाचंच बघा. एका गुणोत्तराने तो २१४.४ येतो, दुसऱ्याने २११.७५. कुठल्या रागात कुठला, यावर गुरुजनांत एकमत नाही. माझ्या मते इथे कॉम्प्युटरला निवाडा करायला बसवू नये. दोन्ही वाजवून दाखवण्यापुरता त्याचा उपयोग. मुलांना ‘जरा चढा’ आणि ‘जरा उतरा’ यातला फरक शब्दांनी समजावणं कठीण जातं, आणि इथे तीन कंपनांचा फरक लगेच कानावर घालता येतो.

मींडसुद्धा अशीच. गंधारावरून साकडे यायचं तर मधले आकडे भराभर पाठवत राहायचे, किंवा वाद्यातच सांगून ठेवायचं की नवा आकडा आला की उडी मारू नकोस, अर्ध्या सेकंदात सरकत जा. हे सरकणं मुंबईच्या चरणजित सिंग यांना कॉम्प्युटरशिवायच सापडलं होतं. १९८२ च्या त्यांच्या ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ या रेकॉर्डमध्ये रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे छोटं यंत्र आहे. ते एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतं आणि त्यामुळे त्यावर राग शोभून दिसतो. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता, मूग सिंथेसायझरसह. म्हणजे आपल्याकडे ही हौस नवी नाही.

कुठे जपायचं

सगळ्यात आधी कान. अॅम्पचा आकडा ०.१ च्या वर नेण्याची घाई नको. ०.१ च्या जागी चुकून १ टाइप झालं तर आवाज दहापट होतो, आणि हेडफोन कानाला असेल तर ते धोक्याचं आहे. आधी स्पीकरवर, हळू आवाजात ऐकायचं.

दुसरं म्हणजे हरवलेली चिठ्ठी. ओएससी संदेश बहुतेक वेळा यूडीपी या पद्धतीने जातात. ही साध्या टपालासारखी आहे, पोच मिळत नाही. एकाच कॉम्प्युटरवर चिठ्ठी क्वचितच हरवते, वाय-फायवर मात्र हरवू शकते. ‘सुरू कर’ पोहोचलं आणि ‘थांब’ वाटेत गेलं तर सूर वाजतच राहतो. रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांना षड्ज ऐकवायचा नसेल तर सगळं बंद करणारा संदेश हाताशी ठेवा : पत्ता ‘/जी_फ्रीऑल’, प्रकार आय, आकडा १. सुपरकोलायडरच्या खिडकीत कंट्रोल आणि पूर्णविराम एकत्र दाबूनही सगळं थांबतं.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या दारांना कुलूप नसतं. ओएससीत पासवर्डची कल्पनाच नाही आणि फ्लूइडसिंथचं ९८०० ही पासवर्ड विचारत नाही. जो पोहोचला तो वाजवू शकतो. घरात एकाच लॅपटॉपवर काम असेल तर पत्ता लोकलहोस्टच ठेवा. हॉस्टेल, सोसायटी किंवा कॅफेच्या सामायिक वाय-फायवर ही दारं बाहेर उघडी ठेवू नका आणि फायरवॉलने परवानगी विचारली तर ‘नाही’ म्हणा. घरच्या वाय-फायवर मोबाइलवरून सूर हलवायचे असतील तर टचओएससीसारखं अॅप कामाला येतं. बोट सरकवलं की तिथून तसाच संदेश निघतो.

ठेक्यासाठी मात्र ही ‘सेकंदभर थांब’ची पद्धत पुरत नाही. तानपुऱ्यात थोडं मागेपुढे झालं तरी गोड लागतं, तबल्यात खटकतं. त्यावरही ओएससीत उपाय आहे. संदेशांचा गठ्ठा करून त्यावर वेळेचा शिक्का मारता येतो. म्हणजे चिठ्ठी आधी पोहोचते आणि यंत्र ती बरोबर ठरलेल्या क्षणी उघडतं. हा शिक्का १ जानेवारी १९०० पासूनचे सेकंद मोजतो आणि सेकंदाचे अतिसूक्ष्म तुकडेही धरतो. हे हाताने लिहिण्याची गोष्ट नव्हे, त्यासाठी पायथन किंवा तयार प्रोग्रॅम घ्यावा.

मुलांना घेऊन बसायचं असेल तर टर्मिनलपासून सुरुवात करू नका. केंब्रिजचे सॅम अॅरन यांनी २०१२ मध्ये शाळेतल्या मुलांसाठी बनवलेला सोनिक पाय फुकट आहे आणि त्याच्या पोटात सुपरकोलायडरचंच यंत्र आहे. ‘प्ले ६०’ लिहिलं की सूर. ‘प्ले ६०.५’ लिहिलं की दोन पट्ट्यांच्या बरोबर मधला सूर! पेटीवर हा कुठे आहे, शोधून दाखव, असं मुलांना म्हणून बघा. बाहेरून आलेले ओएससी संदेशही सोनिक पाय ४५६० क्रमांकाच्या दारावर ऐकतो. त्यामुळे पुढे कधी मुलांना टर्मिनल आवडलंच तर तिथूनही त्याला हाक मारता येते.

आता मावशीची तक्रार. ती जवारीबद्दल होती. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला तो सुती दोरा आणि घोडीचा हलका फुगीर उतार यांमुळे तार सुटल्यावर आवाज उमलत जातो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं. तारेचा जो बिंदू छेडला तिथे नसायला हवेत असे उपस्वरही तानपुऱ्यात आणि वीणेत जोरात ऐकू येतात आणि त्याला ही घोडी कारणीभूत आहे, असं त्यांनी दाखवलं. कार्प्लस-स्ट्राँगच्या साध्या तारेत हे नाही. ती वाजते आणि विझते. थोडी जवारी आणायला त्या वाद्याच्या व्याख्येत तारेला घोडीवर आपटल्यासारखं जास्तीचं गणित घालावं लागतं, आणि ते जमलं तरी दोरा केसभर सरकवल्यावर जे होतं ते त्यात येत नाही. म्हणून मावशीच्या वर्गात सध्या दोन्ही आहेत. लॅपटॉपवरची फाइल सा देते. थोरल्या विद्यार्थिनी त्या साला मिरजेचा तानपुरा लावून घेतात, दोरा सरकवतात, आणि तो लागला की लॅपटॉप बंद करतात. एकटीने रियाज करायचा असतो त्या पहाटे मावशी मालकंसची फाइल चालू करते.